लाभ, दोन, तीन : एका माजी सैनिकाच्या मुलाखतीचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात मी शिकवते तिथे देवळाजवळच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं अशा फरशा गावोगाव लावल्या. १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढंच तिच्यावर कोरलेलं आहे. आकडे आहेत, नाव एकही नाही. इतिहासाच्या तासाला अकरावीच्या मुलांना मी ती बघायला घेऊन गेले, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे नेमकं कोण गेलं होतं?" गावात चार-पाच घरी विचारून बघितलं. कुणालाच सांगता आलं नाही.

आमचा उपक्रम तिथून सुरू झाला. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्यांची नावं आता मिळणं कठीण, पण जे जाऊन परत आले आणि आजही संध्याकाळी पारावर येऊन बसतात, त्यांना तर विचारता येईल, असं मुलांनीच ठरवलं. सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात फौज ही घरातली गोष्ट आहे. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी या गावांच्या तर नावातच ती आहे. आमच्या गावाचं नाव तसं नाही, पण बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग घेऊन आलेली माणसं आळीआळीत आहेत. कुणी १९६५ चं, कुणी १९७१ चं, कुणी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलेलं, कुणी कारगिलच्या वेळी वर बर्फात असलेलं.

पहिल्या वर्षी अकरा जणांनी होकार दिला. त्यातल्या एकाच मुलाखतीबद्दल मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्या कामाची पद्धत त्या एका मुलाखतीनं मुळापासून बदलली. मुलं त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. आबांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि हा मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे. नाव आणि गाव लिहायचं नाही, ही त्यांची अट. ओळख पटेल अशा एक-दोन किरकोळ गोष्टी त्यांना सांगूनच बदलल्या आहेत. पलटणीचं नाव लिहू का, असं विचारलं तेव्हा मात्र ते खुर्चीत सरळ झाले. "पलटण लिवा. पलटण लपवायची नसती."

तर पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, फौजेतली जंगी पलटण. तिची सुरुवात १७६८ ची. आबा भरती झाले १९६९ साली. १९७१ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा लग्न झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते जमालपूरला होते.

जमालपूरची लढाई मुलाखतीआधी मुलांनी वाचून घेतली होती. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर हे गाव आहे आणि उत्तरेकडून ढाक्याला जाणारी वाट तिथून जाते. पाकिस्तानची ३१ बलुच तिथे मोर्चे बांधून बसली होती. समोरून नदी ओलांडून धडक मारण्याऐवजी ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडनं बाजूनं नदी पार केली आणि जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता अडवला. त्या रस्त्यावर लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार यांची पहिली मराठा होती. क्लेर यांनी ९ डिसेंबरला शरण येण्यासाठी पत्र पाठवलं, तर बलुचचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली. १० तारखेच्या रात्री त्यांचे लोक वेढा फोडून निघाले ते मराठ्यांच्या मोर्च्यांवरच येऊन आदळले. ११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच दुपारी आणखी दक्षिणेला, टांगाईलजवळ, २ पॅरा छत्र्यांनी उतरली. ती बटालियनही मुळात मराठ्यांचीच तिसरी. पाच दिवसांनी ढाका.

पहिली भेट

पहिल्या भेटीत आमचं जवळजवळ सगळं चुकलं.

ओसरीवर आम्ही सात जण. शिवाय आबांचा नातू, शेजारचे दोघे आणि रस्त्यावरून जाता जाता थांबलेले. डोक्यावर पंखा, आत कुकरच्या शिट्ट्या, आणि मुलांच्या हातात चोवीस प्रश्नांची यादी. पहिला प्रश्न यादीतला, छापील भाषेतला : "आबा, १९७१ च्या युद्धातील आपले अनुभव कथन करा." आबा उठून उभे राहिले. हात शरीराला चिकटवून, समोर नजर लावून त्यांनी भाषण केलं. दर १५ ऑगस्टला शाळेत करतात तेच. शेवटी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस मिनिटं.

अमेरिकेच्या काँग्रेसनं २००० साली कायदा करून तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये माजी सैनिकांच्या आठवणी जमा करायला सुरुवात केली. दहावीपासून पुढच्या मुलांनाही तिथे मुलाखती घेता येतात, आणि आठवणी निदान तीस मिनिटांच्या असाव्यात अशी अट आहे. ही अट मला पूर्वी उगीच घातल्यासारखी वाटायची. आबांचं भाषण ऐकल्यावर तिच्यातलं शहाणपण कळलं. पाठ झालेलं सगळं पहिल्या वीस मिनिटांत सांगून होतं.

भाषण संपल्यावर आमच्या मुलीनं विचारलं, "आबा, त्या पाकिस्तानी कर्नलनं पत्रात गोळी गुंडाळून पाठवली होती ना? तुम्ही बघितली का ती?"

"कुठं वाचलं?"

"मोबाइलवर."

"व्हय, बघितली की."

मुलीचा चेहरा उजळला. मलाही आनंद झाला, इतिहासातली एक प्रसिद्ध गोष्ट आमच्या गावातल्या माणसानं डोळ्यांनी बघितली होती! रात्री घरी रेकॉर्डिंग ऐकताना मात्र ते "कुठं वाचलं?" कानात अडकलं. उत्तर आबांनी दिलं नव्हतं, आम्हीच त्यांच्या हातात ठेवलं होतं. दुसऱ्या भेटीत गोळीचं नाव न काढता आम्ही त्या दोन दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा आबा आपणहून म्हणाले, "पत्राचं आमाला मागनं कळलं. ढाक्यात गेल्यावर. पलटणीत तवा ज्याच्या त्याच्या तोंडात तेच हुतं." मग मुलगी हळूच म्हणाली, "पण आबा, त्या दिवशी तुम्ही बघितली म्हणालात." आबा हसले. "तुझं तोंड बघून न्हाई म्हणवंना, बाळ."

वर्गात या एका वाक्यावर आम्ही दोन तास घालवले आणि ते सार्थकी लागले असं मला मनापासून वाटतं. म्हातारी माणसं खोटं बोलत नसतात. घरी आलेल्या पोरांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून ती बोलतात. पोरांनीच असा प्रश्न विचारायला हवा की "न्हाई" म्हणणं सोपं जावं.

दुसरी भेट

यावेळी तीन मुलं आणि मी. एकानं विचारायचं, एकानं फोन सांभाळायचा, एकीनं वहीत टिपायचं. वहीत गावांची आणि माणसांची नावं, आबा हातानं काय दाखवतात ते, कुठल्या वेळी कोण आत आलं ते. फोन टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, म्हणजे टेबलावर बोटं वाजली तरी आवाज घुमत नाही. फ्लाइट मोड. शेजारी दुसरा फोन, पहिला दगा देईल म्हणून. बसायला आतली खोली, पंखा बंद. डेअरीला दूध घालून आबा मोकळे होतात ती दहाची वेळ. यादी घरी ठेवली.

पहिला प्रश्न मुलांनी वर्गात भांडून ठरवला होता : "आबा, सुट्टी संपवून पलटणीत परत जायचं, त्या दिवशी घरात काय काय व्हायचं?"

आबा उभे राहिले नाहीत. मांडी घालून बसले आणि बोलायला लागले. आई पहाटे उठून दशम्या करायची. वडील त्या दिवशी मुद्दाम रानात निघून जायचे आणि फाट्यावर एस.टी. येईपर्यंत कुठूनतरी बांधावर उभे दिसायचे, जवळ यायचे नाहीत. बिस्तरा बांधायला चुलता. नवी बायको कुठे दिसायची नाही, पण पिशवीत सुपारीच्या खांडांची पुरचुंडी कुणी ठेवली ते कळायचं. ही वीस मिनिटं मला सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत प्रिय आहेत.

मग पेटी आली. काळी लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास. डिस्चार्ज बुक, पलटणीचा एक ग्रुप फोटो, आणि रुमालात गुंडाळलेली पदकं. फोनवाल्या मुलानं विचारलं की ही शौर्याबद्दल मिळाली का. आबांनी एकेक उचलून सांगितलं : हा पूर्वी स्टार, त्या आघाडीवर जे होते त्यांचा. हे संग्राम मेडल, त्या लढाईच्या काळात नोकरीत होते त्यांचं. "शौर्याचं येगळं. ते ज्यांना मिळालं त्यातले काही माघारी आले न्हाईत." वस्तू हातात असली की माणूस किती नेमकं बोलतो, ते तेव्हा समजलं.

एकसष्टाव्या मिनिटाला ११ डिसेंबरची सकाळ आली.

रात्रीचं त्यांनी सांगितलं होतं. अंधारात आधी गाड्यांचा आवाज, मग पायांचा, मग हुकूम. त्यानंतर ते थांबले. मुलांना मी शिकवलं होतं की समोरचा थांबला तर मनात दहापर्यंत मोजा आणि तरीही बोलू नका. रेकॉर्डिंगमध्ये ही शांतता एक्केचाळीस सेकंदांची आहे. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं, मागच्या अंगणात कोंबडी ओरडते. पहिल्या भेटीत आम्ही एवढ्या वेळात दोन प्रश्न विचारले असते.

"सकाळी धुकं हुतं. सुभेदार साब म्हटले, रस्त्याच्या ह्या अंगाला किती पडल्यात ते मोजून ये. मी गेलो. आता मोजायची आमाला सवय कशाची, तर खळ्यावरची. पहिल्यापशी उभा ऱ्हायलो आन् तोंडातनं आलं, लाभ."

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगते. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या पायलीला आपल्याकडे एक म्हणत नाहीत. पहिलं माप म्हणजे लाभ. लाभ, दोन, तीन.

"मग थांबलो. म्हटलं, हे हितं म्हणायचं न्हाई. माघारी आलो, पहिल्यापासनं परत सुरू केलं. हिंदीत मोजलं. एक, दो, तीन."

किती मोजले तेही त्यांनी सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही.

स्वयंपाकघराच्या दारात आजी उभ्या होत्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते वहीत टिपलेलं नाही, म्हणजे आमचं कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. रेकॉर्डिंगवर त्यांचा आवाज लांबून येतो : "म्हणून व्हय."

लग्नानंतरच्या पहिल्या सुगीपासून त्या बघत आल्या होत्या. आबा सुट्टीवर असोत की रिटायर होऊन घरी असोत, खळ्यावर माप त्यांनी कधी हातात धरलं नाही. दीर मापायचे, पुढे मुलगा. "मी समजत हुते, फौजी माणूस, शेतीच्या कामाची लाज वाटत आसंल." पन्नासहून अधिक वर्षं ही समजूत त्या घरात होती, आणि ती दूर झाली तेव्हा आम्ही चार परकी माणसं तिथे फोन लावून बसलो होतो. या गोष्टीचं ओझं मला आजही वाटतं.

प्रश्न विचारणाऱ्या मुलानं पुढचा प्रश्न विचारला नाही. "आबा, पाणी आणू?" एवढंच म्हणाला. पाणी झालं. आम्ही फोन बंद केला नाही, कारण अशा जागी माणसाला सोडून उठायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. आणखी पंचवीस मिनिटं बोलणं चाललं. ढाक्यातली बाजारपेठ, परतीची रेल्वे, पहिल्या सुट्टीत बायकोसाठी काय आणलं आणि ते कुणी हिसकावून घेतलं. आजी आत येऊन बसल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोघं एकमेकांना दुरुस्त करत बोलत होते. मग चहा झाला, आणि चहा संपल्यावरच आम्ही निघालो.

सकाळचा फोन

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला आबांचा फोन. "मॅडम, ते मोजायचं काडून टाका."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गोष्ट इतकी सोपी राहिलेली नाही. आदल्या संध्याकाळीच मी प्राचार्यांना ती साडेचार मिनिटं ऐकवली होती. १६ डिसेंबरला विजय दिवसाचा कार्यक्रम होता आणि त्यात हाच भाग लावायचा, हे तिथल्या तिथे ठरलं होतं. पाहुण्यांना कळवूनही झालं होतं. आणि संमतीपत्र? ते मीच टाइप केलं होतं, दुसऱ्या एका अर्जाच्या नमुन्यावरून : "मी याद्वारे सदर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क संस्थेस प्रदान करीत आहे." आबांनी त्यावर न वाचता सही केली होती, बँकेत करतात तशी. कागदाप्रमाणे रेकॉर्डिंग आमचं होतं. या संपूर्ण प्रकरणात माझी सर्वांत मोठी चूक कुठली असेल तर ती ही. मी भाषेची शुद्धता बघितली, पण तो कागद कुणाच्या हातात जाणार आहे ते बघितलं नाही.

मी प्रश्न वर्गापुढे ठेवला. एक मुलगा म्हणाला, पुसून टाकलं तर फरशीसारखंच होईल, आकडा राहील आणि माणूस जाईल. त्याचं म्हणणं खरं होतं. वही लिहिणारी मुलगी म्हणाली, "त्यांनी ते आपल्याला सांगितलं, मॅडम. गावाला नाही सांगितलं." हेही खरं होतं. काही मुलांना वाटत होतं की देशासाठी लढलेल्या माणसाचा अनुभव सगळ्यांपर्यंत पोचायलाच हवा, तो लपवण्यात त्यांचाच अपमान आहे.

तेव्हा मी त्यांना बर्लिनची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदुस्थानी शिपाई बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. जर्मन अभ्यासकांना निरनिराळ्या भाषांचे नमुने हवे होते, म्हणून कैद्यांना भोंग्यासमोर उभं करून त्यांचे आवाज मुद्रित केले गेले. ११ डिसेंबर १९१६ ला मल सिंग नावाच्या शिपायानं त्या भोंग्यात स्वतःबद्दल परक्या माणसासारखं सांगितलं : एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, तो इंग्रजांच्या नोकरीत गेला, आणि आता त्याला परत हिंदुस्थानात जायचं आहे. तो आवाज आजही बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. त्याचं काय करायचं, हे ठरवणं मल सिंगच्या हातात नव्हतं, तो कैदी होता. मी मुलांना विचारलं, आबा कैदी आहेत का? वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुसायचं नाही आणि लावायचंही नाही, आधी आबांना विचारायचं की "काडून टाका" म्हणजे त्यांच्या मनात नेमकं काय आहे, यावर वर्गाचं एकमत झालं.

तिसरी भेट

यावेळी रेकॉर्डिंग केलं नाही. इअरफोन लावून आबांना त्यांचीच साडेचार मिनिटं ऐकवली. स्वतःचा आवाज असा ते पहिल्यांदाच ऐकत होते. डोळे मिटून ऐकलं, इअरफोन काढून आजींकडे दिला. आजी म्हणाल्या, "मी ऐकलंय," आणि तो परत टेबलावर ठेवला.

मी मनाशी धरून चालले होते की आबांना त्या आठवणीचा त्रास होत असणार, किंवा गावानं ती ऐकावी याचा संकोच असणार. माझं चुकलं. आबा म्हणाले, "गावात अजून चार म्हातारी हायत. सुगीला घरचं बियाणं मापताना पहिलं माप लाभ म्हणूनच टाकत्यात. माझं ऐकल्यावर त्यांच्या तोंडातनं तो शब्द कसा निघंल? माझ्या तोंडातनं गेला तो गेला. त्यांचा कशाला घालवू?"

हे उत्तर माझ्या कुठल्याच तयारीत बसणारं नव्हतं. आबा दुसऱ्यांच्या ओठांवरचा एक शब्द जपत होते. आम्ही विचारायला गेलो नसतो तर त्यांची इच्छा पाळूनसुद्धा कारण चुकीचंच नोंदवलं असतं.

मग पर्याय बोलीभाषेत समजावून सांगितले. पूर्ण पुसता येईल. ठेवता येईल, पण कुणालाच ऐकवायचं नाही. फक्त घरच्यांना ऐकवायचं. किंवा दोघांच्या पश्चात कुणीतरी ठरवायचं. आबांनी आजींकडे बघितलं. "ठेवा. लावू नका. आमच्यामागं नातू ठरवंल." नवं संमतीपत्र तिथेच हातानं लिहिलं, मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, एक शब्द त्यांनी बदलायला लावला आणि मगच सही केली. जुना कागद त्यांच्यासमोर फाडला.

प्राचार्य सुरुवातीला नाराज होते. सही असताना मागे का फिरायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मी आणि ती तीन मुलं त्यांच्याकडे जाऊन बसलो. शेवटी १६ डिसेंबरला आम्ही दशम्यांचा आणि बांधावर उभ्या राहणाऱ्या वडिलांचा भाग लावला. कार्यक्रम संपल्यावर गावातल्या दोन वयस्क बायका माझ्याकडे आल्या. दोघींचे नवरे फौजेत होते, आता हयात नाहीत. "आमाला कदी इचारणार?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबल्या.

लिहून काढताना आणि पडताळताना

शहाऐंशी मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहून काढायला तीन मुलांना मिळून चार रविवार लागले. सुरुवातीला मुलं आबांची भाषा दुरुस्त करत होती. "हुतं"चं "होते", "साब म्हटले"चं "साहेबांनी आदेश दिला". दोन पानं वाचून मी थांबवलं, कारण कागदावर आबा उरलेच नव्हते. तेव्हापासून जसं ऐकू येईल तसंच लिहायचं आणि अडलेला शब्द विचारून घ्यायचा, असा नियम केला. एके ठिकाणी मुलानं "पहाटे स्टंट झाला" असं लिहिलं होतं. आबा म्हणाले होते "स्टँटू", म्हणजे स्टँड-टू : उजाडताना आणि मावळताना सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यात तयार राहायचं. फौजेतल्या शब्दांची एक वेगळी वही आता आम्ही ठेवतो.

पडताळणीचा एक मार्ग मुलांनी स्वतःच शोधला. आबा म्हणाले होते, त्या रात्री "चांद उशिरा आला, तवर काळामिट्ट." एका मुलाच्या आजोबांनी सुचवलं की पंचांग काढून बघा. पौर्णिमा २ डिसेंबरला होऊन गेली होती आणि लढाई जाहीर झाली ती दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला. म्हणजे १० च्या रात्री वद्य नवमीच्या आसपासची तिथी, चंद्र मध्यरात्रीनंतर वर येणार. आबांचं बरोबर होतं. गोळीच्या बाबतीत आमच्या प्रश्नानं हललेली आठवण चंद्राच्या बाबतीत पन्नास वर्षांनंतरही जागच्या जागी होती, कारण तिच्याबद्दल आम्ही काही सुचवलंच नव्हतं. दोन्ही उत्तरं आम्ही उताऱ्यात शेजारी शेजारी ठेवली आहेत. "बघितली की" हे वाक्यही गाळलेलं नाही, फक्त त्याच्याखाली दुसऱ्या भेटीची तारीख आणि तिथलं बोलणं जोडलं आहे.

मूळ फाइलला आम्ही हात लावत नाही. तिच्या तीन प्रती आहेत : एक महाविद्यालयात, एक माझ्याकडे, एक आबांच्या नातवाकडे. यादीत त्या साडेचार मिनिटांपुढे "ऐकण्यास बंद, कुटुंबाच्या निर्णयाने खुले" असं लिहिलं आहे. पुढच्या सगळ्या मुलाखतींना सही आता दुसऱ्या भेटीनंतर आठवड्यानं घेतो, रेकॉर्डिंग त्यांना पूर्ण ऐकवून झाल्यावर. तोवर ते कुणालाही ऐकवत नाही, प्राचार्यांनासुद्धा नाही. वर्षभरात दोघांनी काही भाग बंद ठेवायला सांगितला. एकानं सगळंच पुसायला सांगितलं आणि आम्ही त्याच्यासमोर पुसलं. त्याचं वाईट वाटलं, पण ते करायलाच हवं होतं.

मग मी हे इथे कसं लिहिते आहे? गेल्या उन्हाळ्यात आबा स्वतःच म्हणाले. मळणी मशीनवर झाली होती, पोती थेट काट्यावर गेली होती. ओट्यावर बसून त्यांनी हिशेब केला, ते चौघं जे घरचं बियाणं मापायचे त्यातले दोघं राहिले होते. "मॅडम, आता माप कोण टाकतंय? तुमी मास्तर लोकांना शिकवायला लागत आसंल तर सांगा. बाहेर सांगा. गावात अजून नको." हा मजकूर वाचून दाखवताना त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. दशम्या आई करायची, असं मी लिहिलं होतं. आई करायची पण पीठ आजी मळायच्या, असं त्यांचं म्हणणं. आजी म्हणाल्या, त्या वर्षी मी नवी हुते, मला चुलीपशी कोण येऊ देतंय. शेवटी वाक्य पहिल्यासारखंच ठेवलं. दुसरी दुरुस्ती धुक्याची. "दाट" हा शब्द मी घातला होता, तो त्यांनी काढायला लावला.

यंदा बायकांच्या मुलाखती सुरू केल्या आहेत आणि पहिली आजींची आहे. दार आतून लावून घ्या, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आबा ओसरीवर. फोन टॉवेलवर ठेवला, पंखा बंद केला. मुलीनं विचारलं, "आजी, आबा तिकडे असताना पत्र कोण लिहायचं?" आजींना लिहिता येत नव्हतं. दीर लिहायचे, आणि दिराला सांगता येईल तेवढंच त्यात जायचं. पत्ता मात्र त्यांना आजही तोंडपाठ आहे. आबांचा नंबर, नाव, कंपनी, पलटण, मार्फत ९९ एपीओ. तो त्यांनी एका दमात म्हणून दाखवला आणि मग, त्या पत्रांत काय घालायचं राहून गेलं होतं, ते सांगायला सुरुवात केली.